कृत्रिम खुब्यांची तुलना करताना आधी स्टेम पाहा

माझ्याकडे शिकणारे डॉक्टर दोन कृत्रिम खुबे समोर आले की आधी बॉल, म्हणजे सांध्यातला गोळा, उचलतात. मी स्टेम, म्हणजे मांडीच्या हाडाच्या पोकळीत बसणारा धातूचा दांडा, हातात देतो. चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीनपट भार येतो, आणि तो मांडीच्या हाडात नेमका कुठे उतरणार हे स्टेमच ठरवतो.

सिमेंटविना बसणाऱ्या स्टेमवरचा, हाड ज्यात रुजतं तो खरखरीत थर कुठवर आहे ते बोट फिरवून पाहा. फक्त वर असेल तर भार वरच उतरतो आणि तिथलं हाड कामात राहतं. खालपर्यंत थर असलेला जाड कोबाल्ट-क्रोम स्टेम भार खाली नेतो. वरच्या हाडाला काम उरत नाही, ते हळूहळू विरळ होतं. हाडाच्या कडक कवचाचा ताठरपणा 20 गिगापास्कलच्या आत, टायटॅनियमचा 110, कोबाल्ट-क्रोमचा 200च्या वर. तरी धातूपेक्षा जाडी जास्त बोलते: व्यास दुप्पट झाला की वाकण्याला होणारा विरोध सोळापट होतो. ठिसूळ, रुंद पोकळीच्या हाडात मी गुळगुळीत, निमुळता सिमेंटचा स्टेम पसंत करतो. तो थोडा खाली सरकतो आणि सरकूनच घट्ट होतो.

मग एक्स-रेवर टेम्प्लेट, म्हणजे स्टेमच्या आकाराचा पारदर्शक नमुना, ठेवून ऑफसेट मोजा, म्हणजे बॉलच्या केंद्रापासून मांडीच्या हाडाच्या अक्षापर्यंतचं आडवं अंतर. तो कमी पडला तर नितंबाच्या स्नायूंना जास्त ओढावं लागतं, सांध्यावरचा भार वाढतो, माणूस लंगडतो. पायाची लांबी न वाढवता ऑफसेट वाढवता येणारं डिझाइन मला मोलाचं वाटतं.

बॉलचा हिशेब छोटा आहे. ब्रिटिश सर्जन जॉन चार्नलींनी 1962 मध्ये 22.225 मिलिमीटरचा बॉल घेतला तो घर्षण कमी व्हावं म्हणून. मोठा बॉल सहज निखळत नाही, पण प्रत्येक पावलाला जास्त घासतो. क्रॉसलिंक्ड पॉलिथिलीन, म्हणजे बॉल ज्यात फिरतो त्या कपाचं कमी झिजणारं प्लास्टिक, आल्यावर 32 आणि 36 मिलिमीटरचे बॉल बिनधास्त वापरता येऊ लागले. त्याहून मोठ्या, धातूचा बॉल आणि धातूचाच कप अशा जोड्यांपासून मी दूर राहतो. झिजेतून सुटणारा कोबाल्ट भोवतालच्या ऊती खराब करतो. सिरॅमिक-सिरॅमिकची झीज अत्यल्प, मात्र कप उभा बसला तर भार कडेवर येतो. म्हणून कपाच्या कोनातली थोडी चूक कोणती जोडी सोसेल, हेही विचारा.

आणि स्टेम काढायची वेळ आली तर? पूर्ण थराचा, हाडात रुजलेला स्टेम काढायला कित्येकदा मांडीचं हाड उभं कापून उघडावं लागतं. पन्नाशीच्या आतल्या रुग्णासाठी मी हा प्रश्न स्टेम निवडण्याआधीच सोडवतो.