राग डोक्यात जायच्या आधी विचार करणारा मेंदू कामाला कसा लावावा

रात्रीचे साडेआठ. कुकरची तिसरी शिट्टी झालेली आणि माझी तिसरीतली लेक चौथ्यांदा हातचा विसरलेली. ३८ अधिक २७, उत्तर ५५. मी वही हिसकावली आणि पान टर्रकन फाटलं. तिचा चेहरा बघून कळलं, आता हिला हातचाच काय, स्वतःचं नावसुद्धा सुचणार नाही. सुचत मलाही नव्हतं.

कपाळामागचा मेंदूचा भाग, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, आपल्याला थांबवतो आणि पुढचा विचार करायला लावतो. धोका जाणवला की कानशिलांच्या आत खोलवर असलेला बदामाएवढा अमिग्डला धोक्याची घंटा वाजवतो. ताण फार वाढला की मेंदूतली नॉरॲड्रेनालिन आणि डोपामिन ही रसायनं इतकी वाढतात की कपाळामागचा भाग ढिला पडतो. ऐन गरजेच्या वेळीच तो हाताशी नसतो. म्हणून रागात असताना शहाणपण शोधू नका. ते आधीच ठरवून ठेवायचं आणि त्या क्षणी मेंदूला एवढंसंच काम द्यायचं.

१. आपली खूण ओळखा. माझा जबडा आवळतो. कुणाचे कान तापतात, कुणाचा आवाज चढतो. आठवडाभर फक्त एवढंच टिपून ठेवा.

२. श्वास सोडताना वेळ घ्या. चार मोजत घ्या, सहा मोजत सोडा, असं पाच-सहा वेळा. लांब उच्छ्वासाने हृदयाचे ठोके मंदावतात.

३. भावनेला नेमकं नाव द्या. मला ही पायरी सगळ्यात मोलाची वाटते. २००७ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी लोकांना रागावलेल्या, घाबरलेल्या चेहऱ्यांचे फोटो दाखवले. चेहऱ्यावरच्या भावनेसाठी शब्द निवडताना अमिग्डलाची हालचाल कमी झाली आणि कपाळामागच्या एका भागाची वाढली. मात्र शब्द नेमका हवा. ‘राग आला’ म्हणून भागत नाही. ती चीड आहे की वैताग? हिरमोड की अपमान? की नुसती धास्ती? त्या रात्री मी शोधत गेले तेव्हा हाती राग लागलाच नाही. ‘ही मागे पडेल’ ही धास्ती लागली. धास्तीपायी पोरीवर ओरडायचं नसतं, हे मग आपोआप उमगलं.

४. जर-तरचं वाक्य आधी लिहून ठेवा. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी या युक्तीचा बराच अभ्यास केला आहे. ‘मी चिडणार नाही’ हा संकल्प टिकत नाही, कारण त्यात काय करायचं ते सांगितलेलंच नसतं. माझं वाक्य असं आहे: ‘जबडा आवळला, तर मी पेन्सिल खाली ठेवून पाणी प्यायला उठेन.’ फ्रिजवर चिकटवलंय. शांत असताना दोन-तीनदा तसं करूनही बघा, अगदी खुर्चीतून उठण्यासकट.

५. मोह नजरेआड करा. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांच्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या प्रसिद्ध प्रयोगांत, थोडं थांबलं तर जास्त खाऊ असं मुलांना सांगितलेलं असे; समोरचा खाऊ झाकलेला असला की मुलं जास्त वेळ धीर धरायची. उघडा असला की काही जण डोळे झाकून घ्यायची, गाणी म्हणायची. अभ्यासाला बसताना माझा मोबाइल आता आतल्या खोलीत असतो. दर दोन मिनिटांनी तो वाजत होता, हेही त्या रात्रीच्या भडक्यामागचं एक कारण होतंच.

झोप अपुरी असेल तर यातलं काहीच नीट साधणार नाही, तेव्हा झोपेवर काटकसर नको. लेकरांचा कपाळामागचा भाग पूर्ण पिकायला विशी उलटून जाते. त्यांनी आपल्याइतका धीर धरावा ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

आणि हात उठायला लागला असेल किंवा नंतर तासन्‌तास सावरता येत नसेल, तर एकटीने झगडू नका. ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

फाटलेलं पान आम्ही दोघींनी चिकटपट्टीने जोडलं. परवा मी पाणी पिऊन परत आले तर लेकीने विचारलं, “आई, आज काय होतं? वैताग की धास्ती?”