एटीव्हीसाठी ट्रेलर घेताय? आधी वजनाची बेरीज करा

एटीव्ही, म्हणजे कच्च्या रस्त्यावर चालवायची जाड टायरची चारचाकी बाइक, दिंडोरीच्या बागेत आहे आणि वीकेंडला न्यायचीय इगतपुरीला, तर ती रस्त्याने चालवत नेता येत नाही कारण बहुतेक एटीव्हींचं पासिंगच होत नाही, मग ट्रेलर लागतोच. आणि ट्रेलर घेताना लोक आधी रंग, मग लांबी आणि शेवटी भाव बघतात, वजनाकडे कोणी बघतच नाही.

नाशिकच्या अंबड-सातपूरला फॅब्रिकेशनवाल्याकडे जायच्या आधी ट्रेलर ओढणाऱ्या गाडीचं मॅन्युअल काढा. त्यात टोइंगची लिमिट दिलेली असते, ब्रेकवाल्या ट्रेलरची वेगळी, बिनब्रेकवाल्याची वेगळी. काही मॅन्युअलमध्ये सरळ लिहिलेलं असतं की ट्रेलर ओढू नका, मग विषय तिथेच संपला, मित्र काहीही म्हणोत.

आता बेरीज. ५००-६०० सीसीची एटीव्ही साधारण ३०० ते ३५० किलो, वर पेट्रोल, विंच (दोरीने ओढून घ्यायचं यंत्र), सामान ५० किलो धरा. ट्रेलर लोखंडी चॅनल आणि चेकर प्लेटचा असेल तर तो स्वतःच २५०-३०० किलो सहज भरतो. म्हणजे सगळं मिळून ७०० च्या आसपास. बनवणारा म्हणेल "दादा, टन उचलतो बिनधास्त", तेव्हा खाली वाकून टायर वाचा. १४५/८० आर १२ टायरवर लोड इंडेक्स ७४ असेल तर त्याचा अर्थ एका टायरला ३७५ किलो, दोनाचे ७५०, आणि त्यात ट्रेलरचं स्वतःचं वजनही आलंच, मग टन आला कुठून?

माप सोपं आहे. एटीव्ही साधारण ४ फूट रुंद आणि ७ फूट लांब, त्यामुळे ५ बाय ८ चा डेक, म्हणजे ट्रेलरचा सपाट तळ, पुरतो. मोठा घेतला की ट्रेलरचं वजन वाढतं आणि मोकळी जागा दिसली की त्यात खताच्या गोण्या पण जातातच, आपण ओळखतो आपल्याला.

सगळ्यात जास्त वेळ एक्सलवर घालवा. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार गाडीच्या हुकवर यायला हवा, ७०० किलोला ७० ते १०५. त्यापेक्षा कमी आला तर स्पीडला ट्रेलर डावीउजवीकडे झोकांड्या खायला लागतो, जास्त आला तर गाडीचं मागचं बूड बसतं आणि पुढचं स्टीअरिंग हलकं होतं. म्हणून एक्सल डेकच्या बरोबर मधे नको, थोडा मागे हवा. मोजायचं कसं? सपाट जागेवर एटीव्ही चढवून नेहमीच्या जागी उभी करा आणि कपलरखाली (ट्रेलरचा पुढचा जोड, जो गाडीच्या हुकला अडकतो), हुकच्याच उंचीवर, दुकानातला प्लॅटफॉर्म काटा ठेवा. आकडा जमत नसेल तर एटीव्ही थोडी पुढेमागे करा आणि जमेल त्या जागी पुढच्या चाकांना अडवणारा पाइप वेल्ड करून घ्या, म्हणजे दरवेळी तिथेच येऊन थांबेल.

जो ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतो त्याच्याकडून बनवून घेत असाल तर आधीच सांगा की पिन-होलची जोडणी नको, बॉल कपलर हवा, म्हणजे गाडीच्या हुकवरच्या लोखंडी गोळ्यावर बसणारा, आणि बॉल आणि कपलर एकाच मापाचे हवेत. सोबत दोन सेफ्टी चेन, कपलरखाली क्रॉस करून लावायच्या.

ब्रेकचं म्हणाल तर युरोपात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचा ब्रेक सक्तीचा आहे. कसारा घाट उतरणार असाल तर त्याच्या खालीही घ्याच असं माझं मत. ओव्हररन ब्रेक परवडतो, गाडी स्लो झाली की ट्रेलर पुढे ढकलतो आणि त्या ढकलण्यानेच त्याचा ब्रेक लागतो.

बाकी रॅम्प लांब हवा, आखूड असला की एटीव्ही चढताना उलटायची भीती. इगतपुरीच्या पावसात न्यायचा असेल तर फ्लोअरला पाणी जायला भोकं हवीत आणि गॅल्व्हनाइझिंग. चारही कोपऱ्यांना पट्टे बांधायला कड्या चॅनलला वेल्ड केलेल्या हव्यात, पत्र्याला नाही.

ट्रेलरचं रजिस्ट्रेशन गाडीपेक्षा वेगळं असतं, त्यामुळे ॲडव्हान्स द्यायच्या आधी पेठ रोडच्या आरटीओत विचारून या की कुठली कागदपत्रं लागतील, आणि बनवणारा ती देतो का तेही. सेकंडहँड घेताना तर आधी कागद, मग जॅकवर चाक उचलून हलवून बघा, खडखड आली तर बेअरिंग गेलेलं.

राहिलेले पैसे देण्याआधी एटीव्ही चढवून एक चक्कर मारा, लाइट आणि इंडिकेटर बघा आणि थोडं अंतर गेल्यावर थांबून पट्टे पुन्हा आवळा, सुरुवातीला सैल पडतातच.