दोन वर्षांचं सरकारी टेंडर: भाव टाकण्याआधी काय वाचायचं

टेंडरची पीडीएफ उघडली की नजर आधी ड्रॉइंगवर जाते, मग नगांच्या आकड्यावर. भोसरी, चाकण, पिरंगुटच्या वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग समजणारी माणसं असतातच, त्यामुळे तिथे फारसं काही चुकत नाही. केंद्राच्या लांब मुदतीच्या ऑर्डरीत पैसा जातो तो भाववाढीच्या कलमात आणि डीपीच्या, म्हणजे डिलिव्हरी पिरियडच्या, तारखेत. ही दोन पानं आधी प्रिंट काढून पेनाने खुणा करत वाचा. बाकीचं संध्याकाळी वाचलं तरी चालेल.

पहिला प्रश्न: ठरावीक नगांची ऑर्डर आहे की रेट कॉन्ट्रॅक्ट? रेट कॉन्ट्रॅक्टमध्ये फक्त दर ठरतो. माल किती उचलतील याची हमी नसते, प्रत्येक सप्लाय ऑर्डर निघाली की तेवढाच करार पक्का होतो. टेंडरमधल्या अंदाजे नगांवर विसंबून वर्षाचा स्टील भरून ठेवाल तर तो रॅकवर गंजेल. शिवाय यात बहुधा ‘फॉल क्लॉज’ असतो: मुदतीत तोच माल दुसऱ्या कुणाला कमी दराने विकलात तर सरकारचा दरही तिथवर उतरतो. निर्यात सहसा यातून वगळलेली असते, पण गृहीत धरू नका, वाचून घ्या. ठरावीक नगांच्या ऑर्डरीत ‘ऑप्शन क्लॉज’ शोधा. त्याच दराने नग वाढवून घ्यायचा हक्क खरेदीदार त्यात राखून ठेवतो. वाढीव नग शेवटच्या महिन्यांत मागितले जातात, तोवर स्टीलचा भाव कुठे पोचला असेल ते धरून दर काढा.

आता भाववाढ. केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमांनुसार (जीएफआर) डिलिव्हरी १८ महिन्यांच्या पुढे जात असेल तरच भावबदलाचं कलम घालता येतं. त्याच्या आतल्या ऑर्डरीत दर पक्का. तेव्हा १५ महिन्यांच्या टेंडरमध्ये स्टीलच्या वाढीची तजवीज तुमच्या दरातच हवी.

कलम असेल तर त्यात एक सूत्र असतं. समजा दर १,००० रुपये. १५ टक्के भाग स्थिर, ६० टक्के पोलाद, २५ टक्के मजुरी. पोलादाचा निर्देशांक (भावाची चढउतार दाखवणारा सरकारी आकडा) १५० वरून १६५ झाला, म्हणजे १० टक्के वाढ: ६० रुपये. मजुरीचा १४० वरून १४७, म्हणजे ५ टक्के: साडेबारा रुपये. नवा दर १,०७२ रुपये ५० पैसे. महिन्याला ५०० नग जात असतील तर फरक ३६,२५० रुपयांचा. हाच निर्देशांक उतरला तर बिलातून कापलाही जातो, आणि त्या महिन्यात ‘मी तर जुन्या भावाने माल घेतला होता’ हे कुणी ऐकत नाही. सूत्र निर्देशांक बघतं, तुमच्या व्यापाऱ्याचं बिल नाही.

चुका ठरलेल्या आहेत. पोलादाचा नेमका कुठला निर्देशांक ते न बघणं: घाऊक किमतींच्या यादीत माइल्ड स्टील वेगळं, अलॉय स्टील वेगळं, आणि दोन्ही एका चालीने हलत नाहीत. आधारवर्षाची, म्हणजे ज्या वर्षीचा भाव १०० धरतात त्या वर्षाची, गल्लत: मजुरीसाठीचा औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक आता २०१६ = १०० वर निघतो. टेंडरचा मसुदा जुना, २००१ च्या आधारावरचा असेल तर आजचा आकडा २.८८ ने गुणूनच तुलना करावी लागते. आणि घाऊक निर्देशांक आधी तात्पुरता निघतो, पक्का नंतर. त्यामुळे मूळ बिल वेळेत द्या आणि फरकाचं पुरवणी बिल वेगळं. त्याची मुदत कलमात असेल तर ती कॅलेंडरवर टाका. किमान फरकाची अट आणि कमाल वाढीची मर्यादाही त्याच कलमात असते.

खरी मेख तारखेत आहे. तुमच्या चुकीने डीपी उलटली तर त्यापुढच्या मालावर भाववाढ मिळत नाही, वर एलडी (उशिराचा दंड) लागतो. जीएसटीचा दर डीपीनंतर वाढला तर तो बोजाही बहुधा तुमच्याच माथी. उशीर त्यांच्यामुळे झाला असेल, ड्रॉइंगची मंजुरी रखडली किंवा तपासनीस आला नाही, तर तेव्हाच पत्र टाका: इन्स्पेक्शन कॉल (माल तपासायला या असं बोलावणं) कोणत्या तारखेला दिला, माणूस कोणत्या तारखेला आला, किती दिवस वाया गेले. डीपी संपायच्या आत मुदतवाढ मागा आणि भाववाढ चालू ठेवणारी दुरुस्ती लेखी घ्या. ‘साहेब फोनवर हो म्हणाले’ याला अकाउंट्समध्ये किंमत नाही.

बँक गॅरंटीचा हिशेब दरात धरा. परफॉर्मन्स सिक्युरिटी, म्हणजे करार नीट पुरा करण्याची हमी, साधारण ३ ते ५ टक्के. ४० लाखांच्या ऑर्डरीवर ५ टक्के म्हणजे दोन लाख, आणि ती वॉरंटीसकट सगळ्या जबाबदाऱ्या संपल्यावर आणखी ६० दिवस चालू लागते. २४ महिने पुरवठा, १२ महिने वॉरंटी, वर दोन महिने: ३८ महिने बँकेचं मार्जिन अडकलेलं, कमिशन चालू. उद्यम नोंदणीवर (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) सूक्ष्म-लघु उत्पादकांना ईएमडी, म्हणजे टेंडर भरताना ठेवायची अनामत, माफ असते, ही सिक्युरिटी सहसा नाही. दोन्हींची गल्लत फार होते.

त्याच नोंदणीचा दुसरा फायदा मोठा आहे. सर्वात कमी दर लघुउद्योगाबाहेरच्या कंपनीचा असेल आणि तुमचा त्याच्या १५ टक्क्यांच्या आत, तर तो दर मान्य करून किमान २५ टक्के माल तुमच्या वाट्याला येऊ शकतो, पात्र लघुउद्योग एकाहून जास्त असतील तर वाटून. म्हणून टेंडर भरायच्या आधीच तुमचा तळाचा दर काढून ठेवा. विचारणा आली की उत्तराला फार दिवस मिळत नाहीत.

पैसे वेळेत मिळावेत म्हणून डिलिव्हरी चलनावर (मालासोबतच्या कागदावर) तारखेसह सही-शिक्का घेतल्याशिवाय टेम्पो हलू देऊ नका. मालाबद्दल १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांच्या) कायद्याने पोच दिल्याच्या दिवशीच माल स्वीकारला असं धरतात, आणि तिथून पैसे द्यायला ४५ दिवसांहून जास्त मुदत करारातही ठरवता येत नाही. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. व्याजाची केस प्रत्यक्षात थोडेच जण लावतात, कारण पुढची ऑर्डर त्याच खात्याकडून हवी असते. सरकारी कंपनीकडची बिलं ट्रेड्सवर (बिल वटवून आधी पैसे मिळवायचा ऑनलाइन मंच) वटवणं त्यापेक्षा सोपं पडतं, पण खरेदीदाराने तिथे बिल मान्य करावं लागतं. तो ट्रेड्सवर आहे का आणि बिलं खरंच मान्य करतो का, हे प्री-बिड मीटिंगमध्येच (टेंडर भरण्याआधीच्या बैठकीत) विचारून घ्या.