अमेरिकन विद्यापीठात उन्हाळ्यापुरते येताय? आधी तारखा जुळवा, मग खोली शोधा

अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या गावांत उन्हाळ्यात घरं ओस पडतात, पण त्यांचं भाडं चालूच राहतं. दोन-तीन महिन्यांसाठी संशोधनाला, इंटर्नशिपला किंवा शिकवायला येणाऱ्याने एवढी एक गोष्ट समजून घेतली की जागा शोधणं बरंच सोपं होतं.

इथे विद्यार्थ्यांची लीज, म्हणजे भाडेकरार, बहुधा बारा महिन्यांची असते आणि ती ऑगस्ट किंवा सप्टेंबरमध्ये सुरू होते. मे महिन्यात परीक्षा संपली की मुलं घरी जातात, नाहीतर दुसऱ्या शहरात इंटर्नशिपला जातात. लीज मात्र ऑगस्टपर्यंत त्यांच्या गळ्यात असते. म्हणून ती खोली ते उन्हाळ्यापुरती दुसऱ्याला देतात, म्हणजेच सबलेट करतात. ॲन आर्बर, मॅडिसन यांसारख्या गावांत देणारे जास्त आणि घेणारे कमी, त्यामुळे मूळ भाड्यापेक्षा कमी पैशांत खोली मिळू शकते. निःसंकोच घासाघीस करा, त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. बॉस्टन, न्यू यॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्कोभोवतीच्या बे एरियात मात्र उन्हाळी इंटर्नची गर्दी असते. तिथे सवलतीची आशा धरू नका, लवकर हालचाल करा.

आता तारखांकडे या, कारण नवीन माणूस अडतो तो इथेच. सेमिस्टर पद्धतीच्या विद्यापीठांत वसंत सत्र बहुधा मेच्या पूर्वार्धात संपतं आणि खोल्या तेव्हापासून मोकळ्या होतात. स्टॅनफर्ड, यूसीएलए, सिॲटलचं युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन इथे क्वार्टर पद्धत आहे, म्हणजे वर्ष दोनऐवजी चार सत्रांत विभागलेलं असतं, आणि वसंत सत्र जूनच्या मध्यापर्यंत चालतं. तुमची नेमणूक १ जूनपासून असेल तर तिथे सुरुवातीचे दोन आठवडे सबलेट मिळणं कठीण, त्यांची सोय वेगळी करावी लागते. न्यू यॉर्क शहरात याला आणखी एक अडसर आहे. सप्टेंबर २०२३ पासून तिथे राहत्या घरातली जागा ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी द्यायची तर नोंदणी लागते आणि यजमानाने स्वतः त्या घरात राहावं लागतं. तेव्हा ‘दोन आठवडे अख्खा फ्लॅट’ अशी जाहिरात तिथे दिसली तर सावध व्हा.

शेवटची तारीख तर त्याहून महत्त्वाची. मॅडिसनमध्ये बऱ्याच लीज १४ ऑगस्टला संपतात आणि नव्या १५ ऑगस्टला सुरू होतात. बॉस्टनमध्ये १ सप्टेंबरला निम्मं शहर घर बदलत असतं, त्या दिवशी सामानाचा ट्रकही मिळत नाही. तुमचं काम २० ऑगस्टपर्यंत असेल आणि खोलीची लीज १४ ला संपत असेल, तर मधले सहा दिवस कुठे काढणार हे मार्चमध्येच ठरवा. आपल्या प्राध्यापकांना विचारून कामाची शेवटची तारीख सहा दिवस अलीकडे घेता आली तर सगळ्यांत उत्तम. लीजची तारीख तुमच्यासाठी हलणार नाही.

शोधायला सुरुवात विद्यापीठापासून करा. बरीच विद्यापीठं उन्हाळ्यात आपली वसतिगृहं इंटर्न आणि पाहुण्या संशोधकांना देतात. फर्निचर, वीज, इंटरनेट सगळं भाड्यात असतं आणि फसवणुकीची भीती नसते. पण दोन गोष्टी आधी विचारा. एक, स्वयंपाकघर आहे का, की मील प्लॅन (डायनिंग हॉलच्या जेवणाचं आगाऊ पॅकेज) घ्यावाच लागतो? शाकाहारी माणसाला तीन महिने डायनिंग हॉलवर काढणं जड जातं. दोन, खोली कधी रिकामी करायची? नव्या वर्षाच्या तयारीसाठी बरीच वसतिगृहं ऑगस्टच्या सुरुवातीलाच बंद करतात. चादरी-उशा सहसा मिळत नाहीत, आणि तिथली गादी बहुधा ट्विन एक्सएल मापाची, म्हणजे नेहमीच्या ट्विनपेक्षा (एका माणसाच्या गादीपेक्षा) पाच इंच लांब असते. साधी ट्विनची चादर घेतलीत तर ती पुरत नाही.

न्यू यॉर्क, बर्कली आणि शिकागो इथे इंटरनॅशनल हाऊस नावाची निवासगृहं आहेत, अनुक्रमे १९२४, १९३० आणि १९३२ पासूनची. परदेशी माणसांना सामावून घेण्यासाठीच ती उभी राहिली. तिथे एकटं वाटत नाही, आणि पहिल्यांदाच देशाबाहेर आलेल्याला ही गोष्ट भाड्याइतकीच मोलाची आहे.

विद्यापीठाबाहेरची जागा हवी असेल तर ऑफ-कॅम्पस हाउसिंगच्या कार्यालयाची यादी बघा. विद्यापीठाचा लॉगिन मिळायच्या आधी ती कधीकधी उघडत नाही, अशा वेळी तुमच्या विभागाच्या ॲडमिनला सरळ लिहा आणि ‘माझी विचारणा विभागातल्या पीएचडीच्या मुलांना पाठवाल का?’ असं विचारा. या एका ईमेलने जितकी कामं झालेली मी पाहिली आहेत तितकी कुठल्या ॲपने झालेली पाहिली नाहीत. भारतीय विद्यार्थी संघटनेचे ग्रुप आणि गावातलं मराठी मंडळ हेही उपयोगाचं, पण ‘आपला माणूस आहे’ म्हणून कागद करायचा टाळू नका. कुटुंब घेऊन येत असाल तर सबॅटिकलवर (संशोधनासाठीच्या लांब रजेवर) जाणाऱ्या प्राध्यापकांची घरं बघा, त्यासाठी सबॅटिकलहोम्स नावाची साइट आहे.

कागदाचं म्हणाल तर सबलेटमध्ये सगळ्यांत आधी मागायची ती घरमालकाची लेखी परवानगी. मुलगा कितीही चांगला असो, त्याच्या लीजमध्ये सबलेटला मनाई असेल तर तुमचा मुक्काम केव्हाही मोडू शकतो. न्यू यॉर्क राज्यात चार किंवा जास्त घरांच्या इमारतीत भाडेकरूने लेखी परवानगी मागितली तर मालकाला वाजवी कारणाशिवाय नाही म्हणता येत नाही, तेव्हा ‘मालक देतच नाही’ हे उत्तर लगेच मान्य करू नका. मूळ लीजची प्रत मागा, तिच्यातली शेवटची तारीख स्वतः वाचा. करारात भाडं, दोन्ही तारखा, डिपॉझिट, वीज-पाणी-इंटरनेट कोण भरणार आणि खोलीत कोणतं सामान राहणार हे सगळं लिहून घ्या. अशा छोट्या मुदतीच्या सबलेटला क्रेडिट हिस्टरी (कर्ज-बिलं फेडल्याची नोंद) किंवा सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकन सरकारी ओळख क्रमांक) बहुधा लागत नाही. नेमणुकीचं पत्र दाखवलं की पुरतं.

भारतातून बसून पैसे पाठवायची वेळ येते तेव्हा मात्र फार जपा. ठग मंडळी खऱ्या घराचे फोटो उचलून अर्ध्या भाड्यात जाहिरात देतात, स्वतः ‘परगावी’ असतात आणि डिपॉझिट आजच्या आज मागतात. फोटो इमेज सर्चमध्ये टाकून बघा. व्हिडिओ कॉलवर घर दाखवायला सांगा, आणि दरवाज्यापासून सुरू करून खिडकीतून रस्ता दाखवायला सांगा. शक्य असेल तर लॅबमधल्या कोणाला तरी दहा मिनिटं पाठवा. समोरच्याला अविश्वास वाटेल या संकोचाने लोक हे विचारत नाहीत, पण प्रामाणिक देणाऱ्याला याचा राग येत नाही. वायर ट्रान्सफर, झेल (बँकखात्यातून लगेच पैसे पाठवायची अमेरिकन सेवा) किंवा गिफ्ट कार्डने गेलेले पैसे परत मिळवणं जवळपास अशक्य असतं.

खोली ठरवताना एसी आहे का ते विचाराच. ईशान्येकडच्या आणि मिडवेस्टच्या जुन्या लाकडी घरांत तो बहुतेकदा नसतो, आणि वरच्या मजल्यावर जुलैत झोप लागत नाही. चुलीवरचा पंखा धूर बाहेर टाकतो की घरातच फिरवतो, हेही विचारा. फोडणीने स्मोक अलार्म वाजतो. बसचं वेळापत्रक उन्हाळ्याचं बघा, कारण कॅम्पसच्या बसफेऱ्या मे नंतर कमी होतात आणि काही मार्ग बंदच असतात.

राहायला आल्यावर पहिल्याच दिवशी खोलीचे, गादीचे, भिंतींचे फोटो काढून देणाऱ्याला ईमेल करा. मिशिगनमध्ये खोलीच्या स्थितीची यादी भरून सात दिवसांत परत द्यायची असते. जे-१ (एक्स्चेंज व्हिजिटर) किंवा एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असाल तर पत्ता बदलल्यापासून १० दिवसांत तो विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला कळवावा लागतो, आणि सबलेट बदललं तरी पुन्हा कळवावा लागतो.

डिपॉझिट तुम्ही कोणाला दिलं हे लक्षात ठेवा. मूळ भाडेकरूला दिलं असेल तर परतही त्यानेच करायचं, मालकाने नाही. परतीची मुदत राज्यागणिक वेगळी आहे: न्यू यॉर्कमध्ये १४ दिवस, कॅलिफोर्नियात २१, मॅसॅच्युसेट्समध्ये ३०. तोपर्यंत तुम्ही भारतात पोचलेले असाल. डिपॉझिट चेकने आलं तर तो भारतात वटवणं फार कटकटीचं असतं, म्हणून पैसे इथल्या खात्यात थेट जमा करायचं करारातच लिहून घ्या, आणि ते जमा होईपर्यंत खातं बंद करू नका.