दीर्घ आजारात मदतीची पाळी कशी लावायची

आजार कळला की पहिला पंधरवडा फोन थांबत नाहीत. तिसऱ्या महिन्यात मात्र घरातलं एकच माणूस सगळं ओढत असतं. लोकांची माया आटलेली नसते. काय करायचं हे कोणी नेमकं सांगितलेलं नसतं, इतकंच. त्यामुळे पाळी लवकर लावा, आणि प्रकृती बरी असलेल्या दिवसांतच. दुखणं उसळल्यावर माणसं जमवायला ताकद उरत नाही.

आधी दोन आठवडे नोंद ठेवा. रोज काय केलं, किती झोपलात, वेदना ० ते १० मध्ये किती, थकवा कधी आला, एवढं पुरे. थकवा कामानंतर लगेच येतो असं नाही. काही आजारांत, विशेषतः एमई/सीएफएसमध्ये (वर्षानुवर्षं टिकणाऱ्या तीव्र थकव्याच्या आजारात), तो बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी येतो. मग सोमवारच्या धावपळीचा दोष बुधवारच्या साध्या आंघोळीवर जातो. नोंदीवरून कामांचे तीन गट पडतात: नेहमी जमणारी, कधीच न जमणारी आणि काही दिवशीच जमणारी. मदत सगळ्यात जास्त लागते ती तिसऱ्या गटाला, आणि मागायची राहतेही तीच. ‘काल तर जमलं होतं’ असं आपलं आपल्यालाच वाटतं ना!

‘काही लागलं तर सांग’ असं म्हणणाऱ्याला काम, दिवस, वेळ आणि किती वेळ जाईल हे चारही सांगा. ‘मंगळवारी सकाळी साडेनऊला तपासणीला सोडशील? परत आणायला दुसरं कोणी आहे, तुझी चाळीस मिनिटं जातील.’ अशा विचारण्याला हो म्हणणं सोपं जातं आणि नाही म्हणणंही. नाही म्हणायची मोकळीक असेल तरच माणूस वर्षभर टिकतो.

डायलिसिसचं उदाहरण घ्या. रुग्णालयातलं डायलिसिस साधारणपणे आठवड्यातून तीनदा, दर वेळी सुमारे चार तास चालतं. म्हणजे जाऊन-येऊन सहा खेपा. सहा जणांत वाटल्या तर प्रत्येकाला आठवड्याला एक. जाताना एकट्यानं जाता येईलही, पण परतताना रक्तदाब उतरलेला असू शकतो, चक्कर येते. माणसं कमी असतील तर परतीच्या खेपा आधी भरा.

पाळी लावणारा एक जण नेमा. तो रुग्ण नको आणि मुख्य काळजी घेणाराही नको, त्या दोघांवर आधीच पुरेसं ओझं असतं. त्याला एक बदली माणूस हवाच. चार आठवड्यांचं वेळापत्रक एकदम बनवा. ग्रुप दोन करा, एक फक्त पाळीसाठी आणि दुसरा गप्पांसाठी. एकच ठेवला तर ‘लवकर बरे व्हा’च्या फुलांखाली ‘उद्या कोण येतंय?’ हा प्रश्न हरवतो.

घरी एक पानी माहितीपत्रक ठेवा. त्यात आजारांची नावं, औषधांची मूळ नावं (कंपनीची नव्हे), मात्रा मिलिग्रॅममध्ये, वेळा, ॲलर्जी, डॉक्टरांचा नंबर आणि आधी कोणाला फोन करायचा ते असावं. वर तारीख लिहा. औषध बदललं की जुनं पान फाडा, कारण घाईत हाताला लागेल त्या पानावर लोक विश्वास ठेवतात. त्याखाली तुमच्या आजाराचा धोक्याचा प्रसंग लिहा. इन्सुलिन घेणाऱ्याच्या पानावर असं: ‘घाम, थरथर, गोंधळ दिसला तर साखर तपासा. ७० mg/dL च्या खाली असेल तर १५ ग्रॅम साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध नसेल तर तोंडातून काहीही देऊ नका, रुग्णवाहिका बोलवा.’ हे नुसतं वाचून दाखवू नका, येणाऱ्या प्रत्येकाकडून यंत्रावर एकदा करून घ्या.

एक नियम पहिल्याच दिवशी सांगून टाका: औषधांवर सल्ला नको. ‘ही गोळी जरा बंद करून बघ’ हे वाक्य प्रेमानंच येतं. पण काही आठवडे स्टेरॉइड घेतल्यावर शरीर स्वतःचं कॉर्टिसोल (जगण्याला लागणारं एक संप्रेरक) बनवणं कमी करतं आणि गोळी एकदम थांबवली तर जिवावर बेतू शकतं. त्याच आजाराच्या लोकांचा गट मिळाला तर जरूर जा. पायऱ्या कशा चढायच्या, कामाच्या ठिकाणी काय सांगायचं, हे तिथेच कळतं. मात्र कोणाचा डोस उचलून आणू नका, आणि गटात कोणी काही विकत असेल तर सावध राहा. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर सर्दी-तापाच्या माणसानं पाळी बदलून घ्यायची, त्यात संकोच नको.

मुख्य काळजी घेणाऱ्याला आठवड्यातून सलग चार तासांची सुट्टी वेळापत्रकातच लिहा. ‘जमेल तेव्हा’ म्हटलं की ती कधीच मिळत नाही. बदली येणाऱ्यानं आधी दोन पाळ्या त्याच्याबरोबर कराव्यात. नाहीतर सुट्टीतले निम्मे तास फोनवर सूचना देण्यातच जातात.

दर तीन महिन्यांनी वेळापत्रक मोडून नव्यानं लावा. आजार बदललेला असतो, लोकांची आयुष्यंही. कोणाला बाहेर पडायचं असेल तर कारण विचारू नका. दोन आठवडे आधी सांगावं, घराची किल्ली परत द्यावी आणि नव्या माणसाबरोबर एक पाळी करून जावं, एवढंच मागा.