आधी साल, मग ब्रश

गेल्या पावसाळ्यात मी 28 मिलिमीटरचे छत्तीस फ्रेंच शिपाई रंगवले, धातूचे छोटे पुतळे, टेबलावर खेळायच्या नेपोलियनच्या ऑस्टरलिट्झच्या लढाईसाठी. रोज जेवणं आटोपली की दीड तास, असे अडीच महिने. टेबलावर मांडले तेव्हा खेळायला आलेल्या मित्राने वाकून पाहिलं आणि एवढंच विचारलं, "1805 च्या लढाईला हे 1813 चे कोट घालून कसे आले रे?" ब्रश, पाण्याचा पेला, प्रायमर हे सगळं तुमच्याकडे असेलच, त्यावर मी शब्द खर्चत नाही. मी साल ठरवलं नव्हतं. तुम्ही ठरवा.

एका कागदावर लढाई, साल आणि रेजिमेंट लिहा. "नेपोलियनचा काळ" हे साल नव्हे. मग पुतळे विकत घ्यायच्या आधी कोट बघा, कारण चुकलेला रंग पुसता येतो, चुकलेला कोट धातूत ओतलेला असतो. जुन्या फ्रेंच कोटाचे छातीवरचे पांढरे पट्टे खाली येताना दोन्हीकडे वळतात आणि मधून पांढरी बंडी दिसते, मागे लांब शेपट्या असतात. नव्या कोटाचे पट्टे कमरेपर्यंत सरळ बंद होतात आणि शेपट्या आखूड. हा नवा कोट 1812 च्या जानेवारीतल्या हुकुमाचा. पण हुकूम निघाला म्हणजे कोट अंगावर चढला असं नाही. बहुतेकांना तो 1813 मध्ये मिळाला, म्हणून रशियातल्या बोरोदिनोच्या लढाईसाठी रंगवत असाल तर 1812 साल असूनही जुनाच कोट घ्या. डोक्यावरही तेच. ऑस्टरलिट्झला लाइन पायदळ, म्हणजे नेहमीचं पायदळ, आडव्या दोन टोकांच्या हॅटमध्ये होतं, शाको, म्हणजे उंच ताठ टोपी, त्यानंतर आला. माझ्या छत्तीसही जणांच्या डोक्यावर शाको. वर शून्य नंबरच्या ब्रशने, श्वास रोखून, प्रत्येकाचा गोंडा कंपनीप्रमाणे हिरवा, आकाशी, नारिंगी, जांभळा केला होता. ती चार रंगांची व्यवस्था 1808 ची! साल, साल, साल.

आता निळा. फ्रेंच कोट गडद निळा, पण बाटलीतला गडद निळा तसाच लावलात तर हातभर अंतरावरून शिपाई काळा दिसतो. पुतळा जितका लहान तितका रंग एखादी छटा उजळ घ्या. व्हॅलेहो कंपनीच्या रंगाच्या बाटलीवर 'डार्क प्रशियन ब्लू' लिहिलंय म्हणून तो प्रशियनांसाठी राखून ठेवू नका, फ्रेंचांना तो झकास बसतो. हा खरा रंग निळीचा, आणि नीळ समुद्रापलीकडून यायची. ब्रिटिशांनी समुद्र अडवला तशी फ्रान्समध्ये निळीची टंचाई झाली आणि 1806 मध्ये पायदळाला पांढरे कोट द्यायचं ठरलं. काही रेजिमेंटना ते मिळालेही. 1807 मध्ये बेत गुंडाळला. म्हणजे पांढरा फ्रेंच शिपाई चूक नाही, पण सांगा पाहू, कोणतं साल?

कॉलर आणि कफ लाल. व्होल्टिझर, म्हणजे पुढे जाऊन चकमकी करणारा शिपाई, असेल तर कॉलर पिवळी. ओव्हरकोट मात्र सगळ्यांचे एकाच बाटलीतून रंगवू नका. राखाडी, मातकट, तपकिरी, जे कापड मिळालं ते अंगावर गेलं.

ब्रिटिशांचा लाल एक नव्हे, दोन. साध्या शिपायाचा कोट मंजिष्ठेने रंगवलेला, विटकरीकडे झुकणारा. अधिकारी आणि सार्जंट भडक किरमिजी लालात. दोघांना एकच लाल दिलात तर अधिकारी गर्दीत हरवतो. मग रेजिमेंटचा रंग कॉलर-कफवर. 1815 च्या वॉटर्लूच्या लढाईत एकाच ब्रिगेडमध्ये 30 वी फिकट पिवळी, 33 वी लाल, 69 वी हिरवी आणि 73 वी गडद हिरवी, तेव्हा "ब्रिटिश म्हणजे पिवळे कफ" असं ठोकून देऊ नका. यातली 33 वी आपल्याकडे येऊन गेलेली, वेलस्लीची (पुढे वॉटर्लू जिंकणारा वेलिंग्टन तो हाच) स्वतःची रेजिमेंट, 1799 मध्ये श्रीरंगपट्टणला होती. म्हणून एकच संच दोन्हीकडे वापरायचा मोह होतो. नको. पुढची बाजू उंच असलेला शाको 1812 नंतरचा, टिपूसमोर तो कुणाच्याच डोक्यावर नव्हता. उलट वॉटर्लूलासुद्धा 28 वी जुन्या नळकांड्या शाकोतच होती. म्हणजे साल बघायचं आणि वर रेजिमेंटही बघायची.

रंग दिवसा खिडकीशी निवडा. रात्रीच्या पिवळ्या दिव्याखाली निळा-काळा कळत नाही. मोबाइलवरच्या फोटोवरून छटा जुळवू नका, प्रत्येक स्क्रीन वेगळा खोटा बोलतो. एका फुटक्या पुतळ्यावर सगळे रंग लावून बघा आणि दोन दिवस त्याच्याकडे जाता-येता पाहा, मग बाकीच्यांना हात लावा.

प्रशियन: गडद निळा, कॉलर प्रांताप्रमाणे, सायलेशिया पिवळी, पोमेरेनिया पांढरी. 1813 मध्ये कापडच नव्हतं, राखीव रेजिमेंटना ब्रिटनहून आलेले कपडे मिळाले, त्यामुळे इथेही साल. रशियन: गडद हिरवा, फार काळा करू नका. ऑस्ट्रियन: पांढरा, हंगेरियन रेजिमेंटना आकाशी तंग विजारी. पांढऱ्यासाठी शुद्ध पांढरा नको, हस्तिदंती घ्या, शुद्ध पांढरा फक्त कडांना.

वॉश, म्हणजे खाचांत सावली पाडणारा पातळ रंग, हलका. वार्निशचा स्प्रे पावसाळ्यात मारू नका, हवेतल्या दमटपणाने वर दुधी थर बसतो. मी मारला, बसला.

बेसच्या, म्हणजे पुतळ्याच्या पायाखालच्या चकतीच्या, बुडाला पेनने रेजिमेंट आणि साल लिहा. माझ्या छत्तीसांच्या बुडाला आता "लाइपझिग, 1813" असं लिहिलंय.