पुश नोटिफिकेशन बसवताना: मोर्शी-वरुड भागातल्या शेतकरी ॲपचा अनुभव

पुश नोटिफिकेशनचे, म्हणजे ॲप उघडे नसतानाही सर्व्हरकडून फोनवर येणाऱ्या सूचनांचे, काम हाती घेण्यापूर्वी एका कागदावर दोन रकाने आखावेत. एका रकान्यात ॲपमधून जाणारा प्रत्येक प्रकारचा संदेश लिहावा आणि दुसऱ्यात तो संदेश किती वेळ खरा राहतो ते लिहावे. मोर्शी-वरुड पट्ट्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी मी फ्लटरमध्ये, म्हणजे अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींसाठी एकाच कोडमधून ॲप करण्याच्या साधनात, ॲप केले, तेव्हा आमचा कागद असा होता: बाजार समितीतला तुरीचा भाव त्या दिवसाच्या सायंकाळपर्यंत, ‘पावसाची शक्यता आहे, फवारणी थांबवा’ ही सूचना काही तास, कृषिपंपाच्या विजेची पाळी बदलल्याची खबर पाळी संपेपर्यंत, गुलाबी बोंडअळीबद्दलचा सल्ला साधारण आठवडाभर, आणि सभेची सूचना सभा सुरू होईपर्यंत. पुढचे बहुतेक तांत्रिक निर्णय या दुसऱ्या रकान्यातूनच निघतात, आणि नवशिक्यांच्या बहुतेक ॲपमध्ये नेमका तोच रकाना नसतो.

शहरात बसून ॲप करणाऱ्याला ही गरज चटकन जाणवत नाही, कारण तिथे फोन सतत नेटवर्कमध्ये असतो. आपल्याकडे वावरात गेलेल्या माणसाच्या फोनला दुपारभर नेटवर्क नसते, कधी फोन घरीच राहतो, तर कधी रिचार्ज संपून आठवडा उलटलेला असतो. फोन संपर्कात नसेल तर फायरबेस क्लाउड मेसेजिंग, म्हणजे एफसीएम ही गुगलची संदेश पोहोचवणारी सेवा, संदेश स्वतःकडे राखून ठेवते, आणि तुम्ही मुदत सांगितली नसेल तर ही राखण 4 आठवड्यांपर्यंत चालते. रिचार्ज झाल्याबरोबर पंधरा दिवसांपूर्वीचा भाव आजचा म्हणून वाजला, तर त्या भावावर विश्वास ठेवून कोणी माल गाडीत भरू शकतो. म्हणून प्रत्येक संदेशाला ‘टाइम टू लिव्ह’, म्हणजे टीटीएल, ही मुदत सेकंदांत द्यावी. मुदत शून्य दिली तर संदेश तत्काळ पोहोचतो किंवा टाकून दिला जातो. आयफोनसाठी ही मुदत निराळ्या पद्धतीने, एपीएन या ॲपलच्या सूचनासेवेच्या ‘एक्स्पिरेशन’ हेडरमध्ये, प्रत्यक्ष समाप्तीची वेळ म्हणून लिहावी लागते. अँड्रॉइडसाठी दिलेली मुदत तिथे आपोआप लागू होईल असे धरून चालू नये.

मुदतीचे भावंड म्हणजे ‘कोलॅप्स की’, एकमेकांची जागा घेणाऱ्या संदेशांना दिलेली समान खूण किंवा कळ. तुरीचा भाव सकाळी अकराला गेला आणि दुपारी दोनला बदलला, तर फोन संपर्कात आल्यावर केवळ दुसराच भाव मिळायला हवा. दोन्ही संदेशांना एकच कोलॅप्स की दिली की न पोहोचलेला जुना संदेश नव्याने बदलला जातो. मात्र एका फोनसाठी एका वेळी अशा चारच निरनिराळ्या कळा राखल्या जातात, त्यामुळे प्रत्येक पिकाला वेगळी कळ देण्याचा मोह टाळावा. शिवाय ही कळ वाटेत असलेल्या संदेशापुरती असते. अँड्रॉइडच्या पडद्यावर आधीच दिसत असलेली सूचना बदलायची असेल तर ‘टॅग’ हा वेगळा गुणधर्म वापरावा लागतो.

आता यंत्रणेकडे वळू. ॲप सुरू झाल्यावर फोनला एक टोकन, म्हणजे पत्त्यासारखा एक सांकेतिक मजकूर, मिळतो, तो आपण आपल्या सर्व्हरवर साठवतो, सर्व्हर त्या टोकनच्या नावे एफसीएमकडे संदेश देतो, एफसीएम तो अँड्रॉइडला थेट आणि आयफोनला ॲपलच्या एपीएन सेवेमार्फत पोहोचवते. ॲपलची ही सेवा 2009 मध्ये आली. गुगलकडे 2010 मध्ये सीटूडीएम, 2012 मध्ये जीसीएम आणि 2016 मध्ये एफसीएम असा क्रम झाला. हा इतिहास सांगण्यामागे व्यावहारिक कारण आहे. यूट्यूबवरचे अनेक जुने धडे ‘सर्व्हर की’ नावाची एक कायमची किल्ली वापरायला सांगतात, पण ती किल्ली वापरणारी संदेश पाठवण्याची जुनी वाट (एपीआय) 2023 मध्ये कालबाह्य घोषित झाली आणि 2024 मध्ये बंद करण्यात आली. आज एचटीटीपी व्ही-वन ही नवी एपीआय हीच वाट आहे. तिच्यात सर्व्हिस अकाउंटच्या, म्हणजे माणसाऐवजी सर्व्हरसाठी असलेल्या खात्याच्या, आधारे सुमारे तासभर चालणारे प्रवेशटोकन घ्यावे लागते. सर्व्हिस अकाउंटची जेसन फाइल ॲपच्या आत कधीही ठेवू नये. ॲप उलगडून ती काढणे अवघड नाही, आणि ती ज्याच्या हाती लागेल तो तुमच्या नावाने सगळ्या शेतकऱ्यांना वाटेल तो भाव पाठवू शकेल.

सर्वांत जास्त वेळ द्यावा असा भाग म्हणजे संदेशाचे दोन प्रकार आणि ॲपच्या तीन अवस्था: समोर उघडे, मागे आणि पूर्ण बंद. ‘नोटिफिकेशन’ प्रकारचा संदेश ॲप मागे किंवा बंद असताना फोनची प्रणाली स्वतःच दाखवते, तर ‘डेटा’ प्रकारचा संदेश केवळ ॲपच्या हाती येतो आणि पुढे काय करायचे ते ॲप ठरवते. ॲप समोर उघडे असेल तर अँड्रॉइडवर पहिल्या प्रकारचाही संदेश पडद्यावर दिसत नाही. तो ‘ऑन मेसेज’ या प्रवाहात येतो आणि दाखवायचा असल्यास फ्लटर लोकल नोटिफिकेशन्ससारखे पॅकेज लागते. ‘माझे नोटिफिकेशन येतच नाही’ असे म्हणणारे बहुतेक नवशिके ॲप समोर उघडे ठेवूनच तपासत असतात. याच्या उलट, नोटिफिकेशन प्रकारचा संदेश पाठवूनही पार्श्वभूमीतल्या हँडलरमधून, म्हणजे ॲप समोर नसताना संदेश हाताळणाऱ्या फंक्शनमधून, तोच मजकूर पुन्हा दाखवला, तर एकच सूचना दोनदा येते. पार्श्वभूमीचा हँडलर कोणत्याही क्लासच्या आत न लिहिता फाइलच्या सर्वांत वरच्या स्तरावर लिहावा आणि त्याच्यावर ‘व्हीएम एंट्री पॉइंट’ ही प्राग्मा खूण (कंपायलरला दिलेली सूचना) ठेवावी, नाहीतर रिलीज बिल्डमध्ये, म्हणजे वापरकर्त्यांना द्यायच्या अंतिम ॲपमध्ये, तो गळून पडू शकतो. तो स्वतंत्र आयसोलेटमध्ये, म्हणजे मुख्य ॲपशी स्मृती न वाटणाऱ्या वेगळ्या कप्प्यात, चालत असल्यामुळे पडद्यावरची स्थिती त्याला दिसत नाही आणि तिथे फायरबेस पुन्हा सुरू करावे लागते.

सूचनेवर बोट ठेवल्यावर योग्य पान उघडणे हेही याच कामात मोडते. ॲप मागे असेल तर ‘ऑन मेसेज ओपन्ड ॲप’, आणि पूर्ण बंद असेल तर ‘गेट इनिशियल मेसेज’ अशा दोन वेगळ्या जागा तपासाव्या लागतात. दुसरी जागा विसरली की भावाच्या सूचनेवर बोट ठेवणारा शेतकरी मुखपृष्ठावर येऊन थांबतो. डेटातले प्रत्येक मूल्य (व्हॅल्यू) मजकूर स्वरूपातच पाठवावे लागते, अंक सरळ चालत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

परवानगीचा प्रश्न तांत्रिक कमी आणि माणसांचा अधिक आहे. अँड्रॉइड 13 पासून, म्हणजे 2022 पासून, सूचना दाखवण्यासाठी वापरकर्त्याची स्पष्ट परवानगी लागते आणि दोनदा नकार मिळाल्यावर प्रणाली पुन्हा विचारू देत नाही. ॲप उघडताक्षणी ही चौकट समोर आली तर आमच्याकडची ज्येष्ठ मंडळी ती फसवणुकीची समजून नाकारतात, आणि त्यांचे काही चुकत नाही. म्हणून आधी शेतकऱ्याला पीक आणि बाजार निवडू द्यावा, ‘या बाजाराचा भाव रोज कळवू का?’ असे मराठीत विचारावे आणि ‘हो’ आल्यावरच खरी चौकट दाखवावी. अँड्रॉइड 8 पासून असलेल्या चॅनेलची, म्हणजे सूचनांच्या गटांची, नावेही ‘बाजारभाव’, ‘हवामान’, ‘सभा’ अशी मराठीत द्यावीत. चॅनेल एकदा तयार झाल्यावर ॲपला त्याचे महत्त्व वाढवता येत नाही, ते वापरकर्त्याच्याच हाती राहते. त्यामुळे कोणती सूचना आवाजासह यावी हे कागदावरच्या पहिल्या रकान्याशेजारी आधीच लिहून ठेवलेले बरे.

टोकन हे फोनवरच्या ॲपचे असते, माणसाचे नसते. ॲप काढून पुन्हा टाकले, त्याचा डेटा पुसला किंवा नवा फोन घेतला की टोकन बदलते. आमच्या भागात एका घरात बाप आणि मुलगा एकच फोन वापरतात, आणि कापूस विकल्यावर बऱ्याच घरांत नवा फोन येतो. म्हणून सर्व्हरवर एका खात्याला अनेक टोकन जोडता येतील अशी रचना करावी, प्रत्येकाशेजारी शेवटचा वापर झाल्याची तारीख ठेवावी आणि लॉगआउट होताच ते टोकन त्या खात्यापासून सोडवावे, अन्यथा एकाच्या चुकाऱ्याची रक्कम दुसऱ्याच्या पडद्यावर दिसेल. एफसीएमकडून ‘अनरजिस्टर्ड’ असे उत्तर आले की टोकन पुसून टाकावे. अँड्रॉइडवर 270 दिवस वापरात नसलेले टोकन एफसीएम स्वतःच बाद करते.

गावानुसार किंवा पिकानुसार संदेश पाठवायला ‘टॉपिक’, म्हणजे नोंदणी केलेल्या सर्व फोनना एकच संदेश नेणारे विषय, सोयीचे आहेत. मात्र टॉपिकच्या नावात देवनागरी चालत नाही. रोमन अक्षरे, अंक आणि मोजकी चिन्हेच चालतात, त्यामुळे गावांची रोमन नावे एका तक्त्यात ठरवून ठेवावीत, म्हणजे एकाच गावाची दोन स्पेलिंग होणार नाहीत. टॉपिकवरून खासगी माहिती कधीही पाठवू नये.

मजकुराबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण इंग्रजीतल्या धड्यांत हे येत नाही. संदेशाची कमाल मर्यादा 4096 बाइट आहे आणि यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह, मात्रा आणि वेलांटीसुद्धा, 3 बाइट घेते. ‘पाऊस’ या छोट्या शब्दालाच 12 बाइट लागतात. बोंडअळीचा संपूर्ण सल्ला संदेशात कोंबू नये. शीर्षक आणि सल्ल्याचा क्रमांक पाठवावा, बाकीचे ॲपने उघडल्यावर आणावे. पडद्यावर एखादी ओळच दिसते आणि वयस्कर माणसांनी अक्षर मोठे केलेले असते, म्हणून ‘आपणांस कळविण्यात येते की’ यासारखी सुरुवात टाळून पीक, बाजार, भाव आणि तारीख याच क्रमाने लिहावे. तारीख मजकुरात असणे मी अनिवार्य मानतो, कारण काल आलेली आणि न वाचलेली सूचना आजही पडद्यावर असू शकते.

आयफोनचे वापरकर्ते गावात थोडे असतात, तरी नोकरीसाठी ही बाजू शिकावीच लागते. त्यासाठी मॅक संगणक आणि वर्षाला 99 डॉलर शुल्काचे ॲपल डेव्हलपर सदस्यत्व लागते. एपीएनची किल्ली असलेली पी-8 फाइल एकदाच उतरवून घेता येते, ती सुरक्षित जपावी आणि फायरबेसमध्ये चढवावी. एक्सकोड या ॲपलच्या ॲप बनवण्याच्या साधनात पुश नोटिफिकेशनची क्षमता जोडावी, आणि पार्श्वभूमीत डेटा हवा असेल तर ‘रिमोट नोटिफिकेशन्स’ हा पर्यायही चालू करावा.

तपासणी खऱ्या फोनवर करावी आणि तीही गावात जाऊन करावी. एफसीएमने दिलेले यशाचे उत्तर म्हणजे संदेश स्वीकारल्याची पावती असते. फोनवर पोहोचल्याची खात्री त्यातून मिळत नाही. बॅटरी वाचवण्यासाठी अनेक स्वस्त फोन मागे चालणारी ॲप थांबवतात, आणि सेटिंगमधून ‘फोर्स स्टॉप’ केलेल्या ॲपला ते पुन्हा उघडेपर्यंत काहीच मिळत नाही. अँड्रॉइड 6 पासूनच्या डोझ अवस्थेत, म्हणजे न वापरता पडलेला फोन बॅटरी वाचवत असताना, साध्या अग्रक्रमाचा संदेश उशिरा येऊ शकतो, म्हणून हवामानाच्या इशाऱ्याला उच्च अग्रक्रम द्यावा आणि सभेच्या सूचनेला देऊ नये.

नागपूर-पुण्याकडे मुलाखतीला जाणाऱ्या विद्यार्थ्यांना मी एक चाचणी करून तिच्या नोंदी सोबत न्यायला सांगतो. फोन विमान अवस्थेत टाकावा, 10 मिनिटांच्या मुदतीचा एक आणि एका दिवसाच्या मुदतीचा एक असे दोन संदेश पाठवावेत, आणखी एक दिवसभराचा संदेश दुसऱ्या संदेशाच्याच कोलॅप्स कीसह पाठवावा, आणि अर्ध्या तासाने नेटवर्क सुरू करावे. पहिला संदेश येता कामा नये, दुसऱ्याची जागा तिसऱ्याने घेतलेली असावी, आणि ॲप पूर्ण बंद असताना त्या सूचनेवर बोट ठेवल्यावर थेट त्या दिवसाच्या भावाचे पान उघडावे. हीच चाचणी मग ॲप मागे ठेवून आणि समोर उघडे ठेवून पुन्हा करावी.